मागची चाके सरळ आहेत का?

मोटार कुठे जाणार हे पुढची चाके ठरवतात, असे आपण सगळेच धरून चालतो. स्टिअरिंग आपल्या हातात असते, पुढची चाके वळताना दिसतात, त्यामुळे लक्ष तिकडेच. मागची चाके बिचारी नुसती मागून येतात, असा समज. पण गाडी सरळ चालते की खेकड्यासारखी तिरकी, पावसात जोरात ब्रेक दाबला तर तिची शेपटी जागेवर राहते की फिरून पुढे येऊ बघते, हे बऱ्याच अंशी मागची चाके ठरवतात. आणि त्यांचा तिरकेपणा उभ्या गाडीकडे बघून सहसा कळत नाही. दोन-तीन मिलिमीटरचा सगळा मामला असतो.

आज मी बोलणार आहे ते एका जुन्या, लहान गाडीच्या मागच्या चाकांविषयी आणि ती घरच्या अंगणात, दोरी आणि पट्टी घेऊन कशी मोजतात त्याविषयी. ही गाडी विलायतेतली, नाव मिनी. कविता लिहिणारा माणूस या भानगडीत कसा पडला, असे कोणी विचारील. माझा मावसभाऊ लहानपणीच आईवडिलांबरोबर रत्नागिरी जिल्ह्यातून बर्मिंगहॅमला गेला आणि तिथलाच झाला. कोकणी मुसलमानांची अशी घरे इंग्लंडात बरीच आहेत. त्याच्याकडे १९७८ सालची मिनी आहे. मी त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा दोन शनिवार-रविवार या गाडीच्या कामात दोरीचे दुसरे टोक धरण्याचे काम माझ्याकडे होते. जे पाहिले, हाताने केले आणि त्यातून जे समजले ते सांगतो.

आधी गाडीची ओळख. १९५६ मध्ये सुवेझ कालव्याचा पेच उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. कमी पेट्रोल पिणारी, लहान, तरीही चार माणसे नीट बसतील अशी गाडी हवी, असे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ठरवले. काम दिले अॅलेक इसिगोनिस यांना. १९०६ साली तुर्कस्तानातल्या स्मिर्ना शहरात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये, जन्मलेला हा माणूस. त्यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात घातला, चाके अवघी १० इंची घेतली आणि ती पार चार कोपऱ्यांत नेली. गाडीची लांबी जेमतेम १० फूट. पण त्यातली बहुतेक जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. सस्पेन्शन अॅलेक्स मोल्टन यांचे. त्यात पाटे नाहीत की लोखंडी स्प्रिंगा नाहीत, तर रबराचे शंकू आहेत. २६ ऑगस्ट १९५९ रोजी ही गाडी बाजारात आली आणि ४ ऑक्टोबर २००० रोजी बर्मिंगहॅमच्याच लाँगब्रिज कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. मधल्या ४१ वर्षांत ५३ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. १९६४ मध्ये हिनेच मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकून माँटे कार्लोची रॅली जिंकली.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की तिची दरवर्षी सरकारी नियमाप्रमाणे तपासणी होते. पण मे २०१८ पासून, ४० वर्षांहून जुन्या आणि फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर कायम. फक्त वर्षातून एकदा कोणी परका माणूस खाली वाकून बघत असे, तो आता येत नाही. भावाची मिनी या सवलतीत बसली. त्याच सुमारास त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, ड्रायव्हिंगची परीक्षा पास केली आणि कॉलेजला हीच गाडी नेणार म्हणून हट्ट धरला. भाभींचे म्हणणे एकच: "विकून टाका ती डबी." गाडी ब्रेक लावताना मागून किंचित हिसका देत होती आणि मागच्या उजव्या टायरची आतली कड झिजली होती. त्यामुळे मोजायचे होते ते पोरीच्या हातात किल्ली द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी.

मिनीच्या मागे काय असते ते समजून घेऊ. आपली अॅम्बॅसिडर आठवा. २०१४ पर्यंत ती बनत होती. तिची मागची दोन्ही चाके एका अखंड, दणकट अॅक्सलला जोडलेली आणि तो अॅक्सल पाट्यांवर बसवलेला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचेही तसेच. तिथे एका चाकाचा कोन वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा असा लावायचा प्रश्नच येत नाही. मिनीचे तसे नाही. तिच्या मागे एक लहान चौकट असते, तिला सबफ्रेम म्हणतात. या चौकटीला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन स्वतंत्र लोखंडी हात जोडलेले असतात. मेकॅनिक त्यांना रेडियस आर्म म्हणतात. प्रत्येक हात पुढच्या बाजूला एका आडव्या दांड्यावर, बिजागरीसारखा, खाली-वर होतो आणि त्याच्या मागच्या टोकाला चाक असते. या दांड्याचे आतले टोक चौकटीत आणि बाहेरचे टोक एका वेगळ्या ब्रॅकेटमध्ये बसवलेले असते. ते ब्रॅकेट बोल्टांनी चौकटीला आवळलेले. सगळी किल्ली इथे आहे. आतले टोक हलत नाही. बाहेरचे टोक जिथे असेल, त्याप्रमाणे चाकाचे तोंड ठरते.

बाहेरचे टोक थोडे पुढे सरकले तर चाकाची पुढची कड आत वळते. टोक मागे गेले तर ती बाहेर वळते. टोक वर गेले तर चाकाचा माथा आत झुकतो, खाली आले तर बाहेर झुकतो. पहिल्या जोडीला टो-इन आणि टो-आउट म्हणतात. टो म्हणजे पायाचे बोट. एखादा माणूस पावले आत वळवून चालतो, एखादा बाहेर फेकत चालतो, तसेच हे. माथ्याच्या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. मिनीच्या पुस्तिकेत मागच्या चाकांसाठी सांगितलेला आकडा असा: टो-इन एक अष्टमांश इंच, म्हणजे दोन्ही चाके मिळून सुमारे ३ मिलिमीटर, आणि कॅम्बर एक अंश, माथा बाहेरच्या बाजूला.

३ मिलिमीटर म्हणजे एका चाकाच्या वाट्याला साधारण दीड. १० इंची चाकाच्या रिमची बाहेरची कड मोजली तर ती सुमारे २८ सेंटीमीटर भरते. एवढ्या लांबीत दीड मिलिमीटर म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका कोन. क्षुल्लक वाटतो. पण गुणाकार करून बघा: असे तिरके चाक एक किलोमीटर चालले तर ते साडेपाच मीटर बाजूला जाऊ पाहते. जात नाही, कारण दुसरे चाक तेवढ्याच जोराने उलट ओढत असते. दोघांची ओढ सारखी असली की गाडी सरळ आणि शांत चालते. एकाची कमी-जास्त झाली की मागचा भाग त्या बाजूला सरकू लागतो.

मग मुळात दोन्ही चाके अगदी सरळ का ठेवत नाहीत? याची दोन कारणे. ब्रेक लावला की मागची चाके मागे खेचली जातात, सांध्यांत असलेल्या थोड्याशा सैलपणामुळे त्यांची तोंडे बाहेर वळू पाहतात. आधीच थोडी आत वळवून ठेवली तर ती त्या वेळी सरळ येतात. दुसरे कारण वळणावरचे. गाडी डावीकडे वळते तेव्हा सगळा भार उजव्या चाकांवर येतो. मागचे उजवे चाक किंचित आत, म्हणजे डावीकडे तोंड करून असेल, तर ते शेपटीला बाहेर फेकली जाण्यापासून धरून ठेवते. तेच चाक बाहेर तोंड करून असेल तर शेपटीला वाट करून देते. ओल्या रस्त्यावर, नवशिक्या हातात, हा फरक जिवावर बेतू शकतो.

गझल लिहिणाऱ्याला इथे काफिया आणि रदीफ आठवतात. काफिया प्रत्येक शेरात नवा शब्द घेऊन वळतो, सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे. रदीफ मागे तशीच उभी. पण ती जरा ढिली असली की चांगला काफियाही घसरतो.

आता मोजणीकडे वळू. जागा सपाट हवी. पाणसळ लावून चारही चाकांखालची जमीन तपासायची. कुठे उतार असेल तर प्लायवूडचे तुकडे घालून सारखी करायची. टायरांतली हवा पुस्तिकेप्रमाणे भरायची. गाडीतले सामान काढायचे. गाडीचा मागचा भाग दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहे ना ते पट्टीने बघायचे. मग गाडी दाबून-सोडून चार-सहा फूट पुढे-मागे ढकलायची, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसते. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची मापे कधीच खरी येत नाहीत.

मग दोरी. गवंडी भिंत बांधताना लावतो तीच पद्धत. दोन सारख्या लांबीच्या काठ्या घ्यायच्या आणि दोन्हींवर अगदी सारख्या अंतरावर खाचा पाडायच्या. एक काठी गाडीच्या पुढे, एक मागे, चाकाच्या मध्याच्या उंचीवर आडवी ठेवायची आणि खाचांतून दोन्ही बाजूंना नायलॉनचा दोरा ताणून बांधायचा. आता दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर झाल्या. त्या गाडीलाही समांतर करायच्या. त्यासाठी पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून डावी दोरी जितकी दूर, तितकीच पुढच्या उजव्या चाकाच्या मध्यापासून उजवी दोरी दूर आली पाहिजे. मागेही तसेच. पण पुढचे आणि मागचे अंतर एकमेकांशी जुळवायचे नाही, कारण मिनीची पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडी जास्त रुंदीवर असतात. प्रत्येक बाजूला जवळजवळ २ सेंटीमीटरचा हा फरक. तो ध्यानात घेतला नाही तर पुढचे सगळे आकडे फसवे निघतात.

दोरी लागली की मागच्या चाकाच्या रिमची पुढची कड दोरीपासून किती दूर आणि मागची कड किती दूर, ते स्टीलच्या पट्टीने मोजायचे. पुढची कड जास्त दूर असेल तर टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. पण जुने रिम थोडे वाकलेले असतात. म्हणून रिमवर खडूने खूण करायची, मोजायचे, मग चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी ढकलायची आणि दोरी पुन्हा लावून परत मोजायचे. दोन्हींची सरासरी खरी. कॅम्बरसाठी ओळंबा: चाकाबाहेर दोरा लोंबता सोडायचा आणि रिमची वरची व खालची कड त्या दोऱ्यापासून मोजायची. एक अंश म्हणजे साधारण ५ मिलिमीटरचा फरक.

भावाच्या गाडीचे आकडे असे आले: डावे चाक ४ मिलिमीटर आत, उजवे १ मिलिमीटर बाहेर. आता बेरीज करा. ४ आत, १ बाहेर, म्हणजे एकूण ३ आत. पुस्तिकेत लिहिलेला आकडा बरोब्बर! नुसती दोन चाकांमधली पुढची आणि मागची रुंदी मोजली असती तर गाडी अगदी निर्दोष ठरली असती. बेरीज बरोबर आणि दोन्ही आकडे चूक. दोन्ही चाके उजवीकडे बघत होती. अशा गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकू बघतो, नाक डावीकडे जाते आणि चालक नकळत स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवतो. भाऊ कित्येक महिने तसेच धरत होता. ओळंब्याने आणखी एक गोष्ट दाखवली: उजव्या चाकाचा माथा बाहेर झुकायच्या ऐवजी आत झुकला होता. टायरची आतली कड का झिजली, याचे उत्तर मिळाले.

इथे पाना हातात घेऊन ब्रॅकेट हलवायचा मोह होतो. तो आवरायचा. माप का बिघडले, हे आधी शोधायचे. भावाने पुढच्या चाकांना अडणी लावली, मागचा भाग जॅकने उचलला आणि लगेच दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले. हे ठासून सांगतो: जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. आपल्याकडे विटा रचून त्यावर गाडी टेकवतात. वीट भार पडल्यावर अचानक फुटते. विटांचा भरवसा धरू नये.

मग उजवे चाक वर-खाली धरून हलवले. ते खडखडले. आता सैलपणा चाकाच्या बेअरिंगचा की हाताच्या बिजागरीचा? एक सोपी परीक्षा आहे. दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचे. खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिली तर दोष बिजागरीचा. पुतणीने ब्रेक दाबला. खडखड तशीच राहिली.

या बिजागरीला वंगण द्यायला दांड्याच्या बाहेरच्या टोकाशी ग्रीस भरायचे निपल असते. ते खाली, आडजागी असल्याने विसरले जाते. मग पाणी शिरते, आतली सुयांसारखी बारीक रोलर असलेली बेअरिंग गंजते आणि दांड्यालाच चरे पडतात. उघडल्यावर नेमके तेच दिसले. रोलरांचा तांबडा चुरा झालेला. डावीकडचे गूढही उलगडले. तिथले ब्रॅकेट मूळचे नव्हते, बाजारात मिळणारे, सरकवता येणारे होते. आणि ते टो-इनच्या बाजूला बरेच ओढून आवळलेले होते. आधीच्या कोणा मालकाने उजवीकडची झीज डावीकडे वळवून भरून काढली होती. हिशेब जुळवला होता, गाडी वाकडी ठेवली होती.

घरच्या कामाची हद्द इथे येते. बिजागरीच्या एका टोकाला ती बारीक रोलरांची बेअरिंग असते आणि दुसऱ्या टोकाला काशाचे बुश. नवे बुश दाबून बसवल्यावर त्याचे भोक दुसऱ्या टोकाशी एका रेषेत, खास रीमरने तासावे लागते. ते घरी होत नाही. भावाने दोन्ही हात काढून वर्कशॉपला दिले आणि नवे दांडे, नव्या बेअरिंग बसवून आणले. हात काढताना ब्रेकची नळी सोडावी लागते, म्हणजे नंतर ब्रेकमधली हवा नीट काढावी लागते. ज्याला ते जमत नाही त्याने तिथेच मेकॅनिक बोलवावा. चौकट गंजून पोकळ झाली असेल तर तेही घरचे काम नाही. मिनीची मागची चौकट गंजण्यासाठी प्रसिद्धच आहे. टोच्याने टोचून बघायचे. पत्रा दबला तर चाके सरळ करण्याला अर्थ उरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात सगळे जोडून पुन्हा दोरी लावली. उजवे चाक आपोआप १ मिलिमीटर आत आले होते, माथाही बाहेर झुकला होता. त्याला हात लावलाच नाही. डावीकडचे ब्रॅकेट सैल करून थोडे-थोडे मागे घेतले. मूळचे ब्रॅकेट असते तर त्याच्या आणि चौकटीच्या मध्ये पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून टोक सरकवावे लागले असते. टोक मिलिमीटरभर हलले तरी रिमच्या कडेला फरक दिसतो, म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, बोल्ट पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळायचे, गाडी खाली घ्यायची, ढकलायची आणि पुन्हा मोजायचे. चौथ्या खेपेला डावे चाक दीड मिलिमीटरवर आले. डावे दीड, उजवे एक. दोरी-पट्टीने त्याहून जास्त मागू नये. पुढची चाके त्यानंतर जुळवली. क्रम हाच: आधी मागची, मग पुढची, कारण गाडीची सरळ दिशा मागची चाके देतात. मिनीत पुढच्या चाकांना उलट थोडा टो-आउट देतात. इंजिन ती चाके ओढते तेव्हा त्यांची तोंडे आत वळू बघतात, म्हणून.

आपल्याकडच्या वाचकांना यातून काय घ्यायचे? आपल्या बहुतेक लहान गाड्यांची मागची चाके आज एकाच तुळईवर असतात आणि त्यांचे कोन जुळवता येत नाहीत. पण अलाइनमेंटच्या दुकानात संगणकाचा कागद मिळतो, त्यावर मागच्या चाकांचेही आकडे असतात. प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा वाचा, बेरजेवर समाधान मानू नका. तो मर्यादेबाहेर असेल तर तुळई वाकली आहे किंवा काही झिजले आहे, असे समजा आणि विचारा. टायरवर आडवा तळहात फिरवा. एक कड जास्त झिजलेली किंवा करवतीसारखी लागली तर चाक काही सांगते आहे.

भावाने मोकळ्या, ओल्या रस्त्यावर आधी हळू, मग वेगात ब्रेक लावून पाहिले. गाडी सरळ थांबली. त्याने एक वही केली: तारीख, किती मैल झाले, चारही चाकांची मापे, ग्रीस कधी भरले. पुतणीला किल्ली मिळाली ती वहीसकट, आणि दर तीन महिन्यांनी ग्रीस गन स्वतः चालवायची या अटीवर. भाभींनी ती वही वाचली आणि "डबी" विकायचा विषय तूर्त बाजूला ठेवला. सरकारी तपासनीस आता त्या गाडीखाली वाकत नाही. घरातल्या कोणीतरी वाकले पाहिजे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)